विमान आदेशार्थ सादर

विमान चालवायला शिकून देवचंद तायडे यांना काय मिळणार होतं, याची बेरीज करायला कुणीही बसलं असतं तरी त्याने दोन मिनिटांत पेन्सिल खाली ठेवली असती. वय बावन्न. नोकरी उरलेली सहा वर्षं. या वयात कुठलीच विमान कंपनी त्यांना घेणार नव्हती, आणि ते काढायला निघाले होते तो खाजगी वैमानिकाचा परवाना तर असा, की कुणाला वर फिरवून आणलं तरी त्याच्याकडून भाडं घ्यायची मनाई. बढतीत उपयोग नाही, पगारात फरक नाही, पोरीच्या लग्नाच्या बायोडाटात लिहावं तर पाहुणे घाबरणार. खर्चाची बाजू मात्र ठसठशीत होती. घराच्या वरच्या मजल्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात जाणार होती. त्यामुळे जळगावच्या त्यांच्या कॉलनीत पहिल्याच संध्याकाळी जो विनोद झाला तो असा, की तायडे वरचा मजला बांधायचा सोडून स्वतःच वर चालले.

खरा फायदा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर लोक आणखी हसले असते. शिकाऊ वैमानिकाला एक वही मिळते, तिला लॉगबुक म्हणतात. प्रत्येक उड्डाणाची तीत नोंद होते आणि एक रकाना असतो तो विमानाचा प्रमुख कोण, याचा. शिकवणारा शेजारी बसलेला असतो तोवर त्या रकान्यात त्याचं नाव. ज्या दिवशी शिकाऊ माणूस एकटा विमान वर नेतो आणि एकटा खाली आणतो, त्या दिवशी त्याचं स्वतःचं. देवचंदभाऊंनी अठ्ठावीस वर्षं सरकारी कागदावर सही केली होती, पण ती डाव्या कोपऱ्यात, खाली, दोन अक्षरांची. उजवीकडची पूर्ण सही नेहमी साहेबांची. त्यांना त्या रकान्यात एकदा आपलं नाव बघायचं होतं. एकदाच. आणि एवढ्यासाठी वरचा मजला, हे स्वतःच्या मनाशी उच्चारायलाही त्यांना संकोच वाटे.

पहिली अडचण कचेरीची. पाण्याशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत ते अधीक्षक होते, आणि कर्मचाऱ्यांच्या रजा-परवानग्यांचं टेबल त्यांच्याकडेच होतं. म्हणजे विमान शिकण्याची परवानगी मागणारा देवचंद तायडे यांचा अर्ज, शिक्का उमटून, देवचंद तायडे यांच्याच पुढ्यात आला. दुसऱ्या कुणी डोळे मिटून वर पाठवला असता. देवचंदभाऊंनी चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्जदाराने विमान कोणत्या प्रयोजनासाठी शिकायचं आहे याचा खुलासाच केलेला नाही. त्यांनी तशी त्रुटी काढून अर्ज परत केला. परत केला म्हणजे डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहिला. तिसऱ्या दिवशी तो वाचला आणि त्यांना तो मोघम वाटला.

असे सहा आठवडे गेले. शेवटी अर्जदाराच्या चिकाटीला कंटाळून अधीक्षकांनी टिपणी तयार केली, खाली लिहिलं ‘आदेशार्थ सादर’, आणि फाइल साहेबांकडे नेली.

साहेबांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, “तायडे, तुमच्या श्रेणीला विमानप्रवास देय नाही.”

“प्रवास नाही, साहेब. चालवायचंय.”

“मग तर मुळीच देय नसणार. नियम बघा.”

“बघितला, साहेब. नियमात बसण्याबद्दल लिहिलंय. चालवण्याबद्दल नियम गप्प आहे.”

नियम गप्प असला की साहेब लोक अस्वस्थ होतात. त्यांनी ‘चर्चा करावी’ असं लिहून फाइल खाली पाठवली. कुणाशी, ते लिहिलं नव्हतं, म्हणून ती आणखी महिनाभर पडून राहिली. मंजुरी आली ती तीन अटींवर: कार्यालयीन वेळेत आकाशात जाऊ नये, शासनाच्या नावाचा वापर हवेत अथवा जमिनीवर करू नये, आणि काही बरंवाईट झाल्यास तत्काळ लेखी कळवावे. तिसरी अट देवचंदभाऊंनीच मसुद्यात घातली होती. तिच्याशिवाय मसुदा अपुरा वाटत होता.

हसण्यासारखं आहे, पण त्याला कारण होतं. नोकरीला लागले तेव्हा ते चोवीस वर्षांचे, रावेर तालुक्यातल्या एका खेड्याच्या बौद्धवाड्यातून आलेले, आणि त्या कचेरीत त्या वाड्यातून आलेला हा पहिलाच लिपिक. दुसऱ्याच वर्षी एका साहेबाने तोंडी सांगितलं म्हणून त्यांनी एक बिल पुढे पाठवलं. चौकशी लागली तेव्हा साहेबाला काही आठवेना. एक वेतनवाढ थांबली. त्याहून जिव्हारी लागलं ते जेवणाच्या सुट्टीत कानावर आलेलं वाक्य: ‘यांच्याकडून असंच होणार.’ शेजारच्या टेबलावर दरमहा त्याहून मोठे घोळ होत, आणि त्यांना घोळ म्हणत नसत, गडबड म्हणत. त्या दिवसापासून तायड्यांनी लेखी आदेशाशिवाय टाचणीसुद्धा हलवली नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामात कुणाला एक चूक सापडली नव्हती. एक निर्णयही सापडला नव्हता, पण तो कुणी शोधलाच नाही.

परवानगी आली तशी कॉलनी सल्ला द्यायला मोकळी झाली. समोरच्या घरातल्या नूर महंमदभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जळगावातली निम्मी यंत्रं त्यांच्या हातून गेलेली. ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

“देवचंदभाऊ, इंजिन किती आहे त्याला?”

“एक.”

“एकच?” नूर महंमदभाईंनी कप बशीत ठेवला. “बघा, मी तीस साल मोटारी खोलून राहिलो. एक गोष्ट सांगतो. जी मोटार चालू होते, ती बंद पडते. आजवर एकही अशी आली नाही जी बंद नाही पडली.”

“पण बंद पडलेलीच तुमच्याकडे येते ना, भाई,” आतून शिल्पाबाई म्हणाल्या. शिल्पाबाई म्हणजे देवचंदभाऊंच्या पत्नी. कॉलनीतल्या वादविवादांचा निकाल बहुधा अशा आतूनच आलेल्या वाक्याने लागे.

“ते पण खरं आहे, भाभी,” नूर महंमदभाई विचारात पडले. “तरी खिशात एक टेस्टर आणि पक्कड असू द्या.”

तिसऱ्या घरातले निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले की पोट रिकामं ठेवू नका. चौथ्या घरातले म्हणाले की भरलेलं ठेवू नका. डॉक्टरी तपासणीला नाशिकला जायचं होतं तर तिथे काय खोटं सांगायचं याच्या तीन वेगवेगळ्या याद्या तीन घरांतून आल्या. देवचंदभाऊंनी सगळं खरं सांगितलं आणि ते पास झाले, त्यामुळे तिन्ही घरं थोडी नाराज झाली.

विमानशाळा होती धुळ्याजवळच्या धावपट्टीवर. दर शनिवार-रविवारी पहाटे चारला उठून, एरंडोल-पारोळा मागे टाकत, देवचंदभाऊ आपली जुनी गाडी ताशी पन्नासच्या वेगाने तिकडे नेत. गाडीहून वेगळं यंत्र म्हणून नूर महंमदभाईंनी फार धास्ती घातली होती, पण प्रत्यक्षात ते दोन खुर्च्यांचं विमान बघून देवचंदभाऊंना पहिला विचार आला तो हा, की आपल्या कचेरीतलं लोखंडी कपाट याहून भक्कम आहे.

शिकवायला होती सबा. वय सत्तावीस, धुळ्याचीच, बोलणं तुटक, हसणं त्याहून तुटक. ती देवचंदभाऊंना ‘काका’ म्हणायची आणि देवचंदभाऊ तिला ‘मॅडम’. हे नातं आपल्याकडे अवघड. काकाला रागवता येत नाही आणि मॅडमला विचारल्याशिवाय राहवत नाही.

विमान देवचंदभाऊंना जमलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण कॉलनीतल्या कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. हात हलका, नजर बारीक, आणि तपासणीची यादी तर ते अशी वाचत जशी पूर्वी कुणी वाचली नसेल. इंधन बघा म्हटलं की दोनदा बघत. एकदा विमानाच्या कागदपत्रांत एका शिक्क्याची तारीख पुसट आहे म्हणून त्यांनी उड्डाण वीस मिनिटं थोपवलं होतं. शाळेच्या मेकॅनिकने तेव्हापासून त्यांना नमस्कार करणं सोडलं.

पण एक गोष्ट होती. प्रत्येक कृतीआधी देवचंदभाऊ उजवीकडे बघत. उजव्या खुर्चीवर सबा.

“मॅडम, वळू ना?”

“वळा.”

“मॅडम, वेग कमी करतो. करू?”

“करा, काका.”

“मॅडम, धावपट्टी समोर आली. उतरायचं ना?”

“नाहीतर काय करायचं?” सबा म्हणाली. “घरी न्यायचंय का?”

एका सकाळी, तीनशे फुटांवर, वारा आडवा लागत असताना त्यांनी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघितलं आणि सवयीने तोंडातून गेलं, “आदेशार्थ सादर.” सबाला सरकारी मराठी कळत नव्हती. तिला वाटलं काका काहीतरी मंत्र म्हणतायत. तिने मुकाट्याने विमान स्वतःच्या हातात घेतलं.

उड्डाणाचे अठ्ठावीस तास झाले तेव्हा सबाने त्यांना शेडच्या सावलीत बसवलं. “काका, शाळेचा नियम आहे. तीस तासांत जो एकटा जाऊ शकत नाही त्याला आम्ही पुढे शिकवत नाही. पैसे घेत राहणं बरोबर नाही. आणि धोक्याचंही आहे.”

“माझं काही चुकतंय का?”

“काहीच चुकत नाही. तोच प्रॉब्लेम आहे. तुम्ही उत्तम उडवता, फक्त एक गोष्ट करत नाही.”

“कोणती, मॅडम?” देवचंदभाऊंनी खिशातून पेन काढलं. “लिहून घेतो.”

“हीच,” सबा म्हणाली.

पेन तसंच हातात राहिलं. मग तिने सांगितलं की पुढच्या रविवारी सकाळी ती त्यांच्याबरोबर एक फेरी मारेल आणि ठीक वाटलं तर खाली उतरेल. पुढची फेरी त्यांची एकट्याची. चौकोनी फेरी, सहा-सात मिनिटांची. तिच्या हातात खाली वॉकी-टॉकी असेल. नाही जमलं तर चहा पिऊन निरोप.

त्या रात्री जेवताना देवचंदभाऊंनी शिल्पाबाईंना हे सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस असंही सांगितलं. शिल्पाबाईंनी ते फक्त आपल्या भावाला सांगितलं. त्यात चूक कुणाची, हे ठरवता येत नाही. ज्या बाईचा वरचा मजला या प्रकरणात गेला तिला निदान एवढी बातमी पुरवण्याचा हक्क होता.

भाऊ समाधान सावद्याला केळीच्या धंद्यात. ट्रक भरण्यापासून ते गोतावळा भरण्यापर्यंत सगळं ठोक भावाने करायची त्याची सवय. त्याचा फोन लगेच आला. “दाजी, तुम्ही एकटे जाऊ राहिले अन आम्ही काय घरी बसायचं? लोक काय म्हनतीन?”

“समाधान, त्यात बघण्यासारखं काही नसतं. आणि एकट्यानेच जायचं असतं.”

“वरती एकटे जा ना. खालती आम्ही बठ्ठे आहोत.”

शाळेच्या कुंपणाच्या आत गर्दीला मज्जाव होता. समाधानने त्यावर तोड काढली. धावपट्टीच्या टोकाला लागून ज्याचं वावर होतं त्या शेतकऱ्याला त्याने चार फोन करून शोधला, आणि थंडीचे दिवस, वांग्याचा हंगाम, माणसं जमतातच आहेत तर भरीत पार्टी का नको, असा साधा विचार केला. जानेवारीत खान्देशातली चार माणसं वावरात जमून भरीत न करता परत गेली तर भांडून गेली असं समजतात. समाधानने बामणोदची चाळीस किलो वांगी घेतली, भरीत ठेचायची लाकडी बडगी घेतली, दोन तेलाचे डबे घेतले आणि रविवारी पहाटे पिकअपमध्ये बावीस माणसं भरली. नूर महंमदभाई जळगावहून देवचंदभाऊंच्याच गाडीत आले, पक्कड घेऊन. शिल्पाबाई मागच्या सीटवर कढीच्या सामानासह. देवचंदभाऊ पूर्ण वाटभर गप्प होते. ते आयुष्यात प्रथमच एकटे वर जायला निघाले होते, आणि सोबत चोवीस माणसं होती.

साडेआठला सबाबरोबरची फेरी झाली. तीत देवचंदभाऊंनी एकदाही उजवीकडे बघितलं नाही, कारण मान वळू नये म्हणून त्यांनी मफलर घट्ट आवळला होता. सबाने तो बघितला. धावपट्टीच्या कडेला विमान थांबवून ती उतरली, रिकाम्या खुर्चीचा पट्टा नीट बांधला आणि दार लावण्याआधी म्हणाली, “काका, आता मी नाहीये. लक्षात आहे ना?”

“आहे,” देवचंदभाऊ म्हणाले, आणि पुढे ‘मॅडम’ जोडायचं राहिलं.

शेजारचं वजन उतरल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं. देवचंदभाऊंना ते थोडं उद्धटपणाचं वाटलं. खाली पांझरेचं पात्र, लळिंगच्या डोंगराची कड, चौकोनी वावरं. पहिलं वळण. उजवीकडे बघितलं नाही. दुसरं वळण. धावपट्टी आता बाजूला, समांतर. सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. इंजिनाचा आवाज सोडला तर त्यांना कुणी काही सांगत नव्हतं, आणि हे लक्षात आल्याबरोबर त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली.

खाली वावरात समाधानने कपाशीच्या काड्यांचा मोठा ढीग पेटवला होता. काड्या दवाने ओल्या. धूर झाला तो असा, की शेतकरी स्वतःच चार पावलं मागे सरला. आधी धूर सरळ वर जात होता आणि लोक विमानाकडे बोट दाखवून ‘ते बघा दाजी’ म्हणत होते. मग वाऱ्याने कूस बदलली. धूर जमिनीला लागून पसरला, कुंपण ओलांडून धावपट्टीच्या तोंडावर आडवा झाला, आणि आगीतून उडणाऱ्या किड्यांसाठी सात-आठ घारी त्यात घिरट्या घालायला लागल्या.

सबा वॉकी-टॉकी शेडच्या बाकावर टाकून कुंपणाकडे धावली. हे तिने करायला नको होतं, असं पुढे तिने स्वतःच लिहून दिलं. “विझवा! ताबडतोब विझवा ते!”

शेतकरी शांतपणे म्हणाला, “ताई, वावर मनं शे, धूर बी मना शे. इमानले सांगा, बाजूथीन जाय.”

“अहो, काका उतरतायत! त्यांना दिसणार नाही!”

“दाजींना बठ्ठं दिसतं,” समाधान म्हणाला, पण त्याचा आवाज अर्ध्यात खाली आला.

वर देवचंदभाऊ शेवटचं वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आले होते. उंची चारशे फूट. समोर धावपट्टी असायला हवी तिथे राखाडी पडदा, आणि त्यात काळे ठिपके हलताना. त्यांची मान मफलरसकट उजवीकडे वळली. रिकामी खुर्ची. नीट बांधलेला पट्टा.

त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. “मॅडम, धूर आहे. काय करू?”

उत्तर नाही.

“मॅडम, धावपट्टी दिसत नाही. उतरू की नको?”

बाकावरच्या वॉकी-टॉकीने हा प्रश्न एका झोपलेल्या कुत्र्याला विचारला. कुत्र्याने डोळा उघडून मिटला.

साडेतीनशे फूट. देवचंदभाऊंना कचेरीतल्या फाइली आठवल्या. ज्या फाइलीवर आदेश येत नाही ती कपाटात पडून राहते आणि तिचं काही बिघडत नाही. सहा महिने, दोन वर्षं, साहेब बदलेपर्यंत. त्यांनी सव्वीस वर्षं या एका खात्रीवर काढली होती, की थांबलं तर चूक होत नाही. विमान मात्र थांबत नव्हतं. ते सेकंदाला काही फूट खाली जात होतं, आणि कुणी काही सांगितलं नाही तरी जाणार होतं. तीनशे फूट. त्यांच्या कानात ते जुनं वाक्य आलं, यांच्याकडून असंच होणार. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्यांना असंही वाटलं की हे वाक्य म्हणणारा माणूस आता इथे असता तर त्यालाही समोरचं काही दिसलं नसतं.

उजव्या हाताने त्यांनी थ्रॉटल पुढे ढकलला. पूर्ण. नाक किंचित वर. इंजिन ओरडलं. धूर पोटाखालून गेला, एक घार पंखाच्या बाजूने बरीच दूर सटकली, आणि विमान पुन्हा वर चढायला लागलं. उतरणं रद्द करून परत फेरी मारायची, एवढंच. शंभर वेळा सबाच्या ‘करा’वर त्यांनी ते केलं होतं.

“इंजिन बंद नाही पडलं,” खाली नूर महंमदभाई पुटपुटले. ते एका हाताने कुंपणाला धरून उभे होते, दुसऱ्या हातात पक्कड होती.

दुसरी फेरी ही हिशेबात नव्हती. ती कुणी मंजूर केली नव्हती, तिचा कुठे आराखडा नव्हता. तिच्यात देवचंदभाऊंनी पहिल्यांदा बाहेर बघितलं. पहिल्या फेरीत त्यांनी बघितलं होतं ते यादीतलं: उंची, वेग, अंतर. आता दिसलं की पांझरेच्या पात्रात पाणी एका कडेने वाहतंय. एका वावरात एक बाई बैलाला पाणी पाजतेय आणि वर बघत नाहीये. त्यांना वाटलं, आपण एकटे आहोत, आणि हे कुणाला विचारून खात्री करण्याची गरज नाही. मफलर त्यांनी एका हाताने सैल केला. रेडिओवर आता सबाचा धापा टाकणारा आवाज आला, “काका, काका, कुठे आहात, काय करताय?”

“फेरी मारतोय,” देवचंदभाऊ म्हणाले. “तुमचा धूर ओसरला की उतरतो.”

सबा नंतर म्हणाली की तिने हा आवाज ओळखलाच नव्हता.

धूर खरोखरच ओसरला होता. विमान उतरलं, एकदा टणकन उडी मारली, दुसऱ्यांदा टेकलं. सबा चालत आली. “परत वर जा, असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मी नव्हतं सांगितलं.”

“नाही. तुम्ही नव्हत्याच.”

तिने लॉगबुक घेतलं, नोंद केली, त्या रकान्यात त्यांचं नाव आलं. एकट्याने पहिल्यांदा उतरलेल्या माणसावर बादलीभर पाणी ओतायची वैमानिकांत रीत आहे. पण थेंबभर पाणी कुठे उरलं नव्हतं, म्हणून सबाने आपल्या बाटलीतलं घोटभर त्यांच्या टकलावर ओतलं. ते त्यांनी फार गंभीरपणे स्वीकारलं.

पाणी का उरलं नव्हतं, हे त्यांनी विचारलं नाही. परतताना धुळ्यापासून जळगावपर्यंत ते बोलत होते. थ्रॉटल कसा ढकलला, किती फुटांवर ढकलला, का ढकलला. पारोळ्याला नूर महंमदभाई झोपले. मागच्या सीटवरून शिल्पाबाई ‘हो’ म्हणत होत्या.

मंगळवारी सकाळी चहा डाव्या हाताने पुढे आला तेव्हा देवचंदभाऊंनी वर बघितलं. शिल्पाबाईंचा उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. सोडून बघितला तर तळहातभर फोड.

“हे काय?”

“कढी,” शिल्पाबाई म्हणाल्या. “तुमची ती मॅडम ओरडत होती, समाधान शेतकऱ्याशी भांडत होता, बाकीचे वर बघत होते. पाण्याची टाकी ओतली मी, तरी विझेना. मग कढीचं पातेलं उचललं चुलीवरचं.”

“नुसत्या हाताने? फडकं तरी मागायचं कुणाकडे.”

“तेवढा वेळ होता का?”



तर त्या दोन फेऱ्यांची किंमत अशी चुकती झाली. सबाने वॉकी-टॉकी सोडल्याबद्दल शाळेत खुलासा लिहून दिला आणि महिनाभर तिला नवे विद्यार्थी मिळाले नाहीत. समाधानची चाळीस किलो वांगी कढीत भिजून गेली, बावीस माणसं पारोळ्याच्या एका हॉटेलात मिसळ खाऊन परतली आणि अजून त्याला ऐकवतात. शेतकऱ्याचा कुंपणालगतचा हरभऱ्याचा एक वाफा पायदळी गेला. देवचंदभाऊंचं नाव हव्या त्या रकान्यात लागलं, आणि त्यांना स्वतःला त्या दिवशी काहीच द्यावं लागलं नाही, मान थोडी अवघडली एवढंच. शिल्पाबाईंचा हात बरा व्हायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस पोळ्या देवचंदभाऊंनी लाटल्या, कुणालाही न विचारता, आपल्या अंदाजाने. आणि त्या खाल्ल्या शिल्पाबाईंनी.